मोंढ्यातून मोनास्तीर

आज दुपारी मोंढ्यातल्या दुकानात बसून ट्युनिशिया बघितला. म्हणजे बघितलं काहीच नाही, मोबाइलवर नुसते आकडे हलत होते. आमच्या गल्लीतला पोरगा तिकडं मोनास्तीरला एम-15 खेळतोय, म्हणजे व्यावसायिक टेनिसमधली सगळ्यात खालच्या पायरीची स्पर्धा. तिकडं सकाळचे दहा, इकडं परभणीत अडीच. सोयाबीनचा भाव विचारायला आलेल्या पाव्हण्याला मी चुकून "तीस-चाळीस" म्हणून बसलो!

लोकांना वाटतं विमानानं फिरतो म्हणजे बक्कळ कमावत असेल. अहो, 15 हजार डॉलर हे अख्ख्या स्पर्धेचं बक्षीस. पहिल्या फेरीत हरला की रँकिंगचा एक गुणही नाही. तिकीट, खोली, गटिंग (रॅकेटच्या तारा बांधणं), सगळं पदरचं. बापानं औंदा ट्रॅक्टर घ्यायचं रद्द केलं, हे पोराला अजून माहीत नाही. सुमित नागलनं 2023 मध्ये खात्यात 900 युरो उरल्याचं सांगितलं होतं, आणि तो तर तेव्हा देशातला अव्वल टेनिसपटू.

पहिला सेट 6-4 घेतला. मग 3-6. तिसऱ्यात 5-5 ला नेट गेलं (आमच्याकडचं). आलं तेव्हा 5-7.

तासाभरानं मेसेज : "काका, हरलो. डबल्सला जोडीदार शोधतोय."

काय लिहावं सुचेना. "जेवलास का?" एवढंच पाठवलं.