बेंचवर पास, घाटात नापास

गाडी जाऊन बरेच दिवस झाले तरी तो तीन नंबरचा इंजेक्टर (इंजिनमध्ये डिझेल फवारणारा भाग) काही डोक्यातून जात नाहीये, म्हणून एकदाचं लिहून काढतोय.

आमचं कोल्हापुरात उद्यमनगरात पंप-नोझलचं दुकान. वडिलांच्या काळात सगळं मेकॅनिकल, ट्रॅक्टर, जीप, टेम्पो. नोझल (इंजेक्टरचं फवारणारं टोक) हँड टेस्टरवर लावायचा, दांडा मारायचा, कर्र कर्र आवाज आला आणि फवारा बारीक पडला की झालं, टोकाला थेंब लटकला तर लॅप करायचा, म्हणजे घासून बसवायचा, नाहीतर बदलायचा. कॉमन रेलमध्ये (एकाच जाड नळीत, म्हणजे रेलमध्ये, दाबून ठेवलेलं डिझेल सगळ्या इंजेक्टरना जातं ती पद्धत) हे काही चालत नाही, कारण तो इंजेक्टर उघडतो ईसीयूच्या, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरच्या, करंटवर आणि आत प्रेशर 1600 बारपर्यंत जातं. त्याला बेंच (इंजेक्टर तपासायचं मशीन) लागतो, टेस्ट ऑइल लागतं, त्या त्या पार्ट नंबरच्या इंजेक्टरचे आकडे मशीनमध्ये भरलेले लागतात.

आमच्याकडं जास्त काम बाहेरगावच्या गॅरेजवाल्यांचं. गाडी येतच नाही, इंजेक्टर येतात. एसटीच्या पार्सलने, प्लास्टिकच्या पिशवीत, पेपरात गुंडाळून, तोंडाला टोपी नाही, कुठला कुठल्या सिलिंडरचा ते लिहिलेलं नाही. ज्याच्या भोकाचा व्यास एक मिलीमीटरच्या आठव्या-नवव्या हिश्श्याएवढा असतो तो नोझल वाळूच्या कणांबरोबर पिशवीत खडखडत येतो, हे बघून खरंच त्रास होतो. एक टोपी लावायला किती वेळ लागतो?

तर असेच चार इंजेक्टर आंबा घाटाखालच्या साखरप्याहून आले. 2010 ची स्विफ्ट डिझेल, 1248 सीसी, 75 पीएसवाली. यावर मात्र मार्करने नंबर टाकलेले होते, त्याबद्दल त्या मिस्त्रीला मानलं. सोबत दुसऱ्या एका लॅबचा रिपोर्ट, चारही पास. मी माझ्या बेंचवर लावले. फुल लोड, एमिशन, आयडल, प्री-इंजेक्शन, जास्त-कमी भाराचे चारही पॉइंट घेतले, रिटर्न (न फवारता इंजेक्टरमधून टाकीकडं परत जाणारं तेल) मोजलं. पास. तीन नंबरचं रिटर्न जरा वरच्या अंगाला होतं पण लिमिटच्या आत. दुकानातला पोरगा म्हणाला, "दादा, हिरवं आलंय की, पाठवून देऊया." मी मालकाला फोन लावला, म्हणलं काका, गाडीला नेमकं होतंय काय ते तुमच्या तोंडून सांगा.

काकांचा काजूचा धंदा. त्यांनी सांगितलं ते असं की सकाळी गाडी एका सेल्फला चालू होते, गावात काही त्रास नाही. पण आंबा घाट चढायला लागलं की अर्ध्यात चेक लाईट लागते, पिकअप गायब, ट्रकच्या मागं रांगत वर यायचं, आणि मलकापुरात चहाला थांबून परत सेल्फ मारला की नुसती फिरते, धरत नाही. अर्धा तास बोनेट उघडून ठेवलं की परत गपगुमान चालू. एका गॅरेजने टर्बो गेलाय म्हणून सांगितलेलं, अठ्ठावीस हजारांचं कोटेशन. दुसऱ्याने टाकीत क्लीनरच्या बाटल्या ओतायला लावल्या. तिसऱ्याने इंजेक्टर अल्ट्रासोनिकमध्ये (ध्वनिलहरींनी धुणारं मशीन) दोनदा धुऊन दिले. "मिस्त्री, आता तुम्हीपण पासच म्हणणार असाल तर गाडी विकून टाकतो," असं म्हणाले, आणि त्यात राग नव्हता, कंटाळा होता.

आता टर्बोचं बघा. स्कॅनरवर बूस्ट (टर्बोने इंजिनात दाबलेल्या हवेचं प्रेशर) कमी दिसलं की लगेच टर्बो बदला म्हणून सांगणारे खूप आहेत आणि मला हे अजिबात पटत नाही. टर्बो फिरतो एक्झॉस्टच्या जोरावर. रेलमध्ये प्रेशर टिकत नाही म्हणून ईसीयूने गाडी लिंप मोडला टाकली, म्हणजे इंजिन वाचवायला ताकद रोखली, डिझेल कमी केलं, तर एक्झॉस्टमध्ये जोर येणार कुठून? मग बूस्ट कमीच दिसणार. म्हणजे दुखणं एकीकडं आणि बिल दुसरीकडंच. या 75 पीएसवाल्या इंजिनला साधा फिक्स्ड जॉमेट्री टर्बो आहे, वेस्टगेटवाला. हवेचा होज काढून बोटाने शाफ्ट हलवून बघायचा, वरखाली किंचित हलणार, ते चालतं, आतबाहेर हलायला नको. पाच मिनिटांचं काम. तेवढं तरी करून मग अठ्ठावीस हजार मागावेत.

आणि धुण्याचं. पेट्रोलचे जुने पोर्टवाले इंजेक्टर तीन-चार बारवर चालतात, त्यांच्यात चिकटा साठतो, ते अल्ट्रासोनिकमध्ये खरंच सुधारतात, फवाऱ्यात फरक डोळ्याला दिसतो. लोकांनी तेच डिझेलला लावलं. कॉमन रेलच्या नोझलवरचा कार्बन धुऊन निघेल, पण आतली सीट (व्हॉल्व्ह जिच्यावर टेकून बंद होतो ती जागा) झिजली असेल तर ती कुठल्या पाण्याने भरून येणार? काही ठिकाणी तर कॉइलसकट बुडवतात. मी धुतो, पण पूर्ण खोलून, सुटा करून, आणि धुतल्यावर परत बेंचवर चढवल्याशिवाय देत नाही.

काकांना म्हणलं, नुसते इंजेक्टर नकोत, गाडीच आणा. नवे कॉपर वॉशर टाकून इंजेक्टर बसवायला सांगितले (जुना वॉशर परत वापरणाऱ्यांशी माझं कायम भांडण असतं, तो एकदा दबला की दबला, परत नीट सील होत नाही, मग बाजूने गॅस मारतो आणि इंजेक्टर हेडमध्ये कार्बनने असा जाम होतो की काढताना रडवतो). टर्बो बघितला, शाफ्ट चांगला. थंड गाडीला आयडलवर रिटर्नच्या नळ्या काढून चार बाटल्या लावल्या. त्यासाठी आम्ही सलाईनच्या नळ्या वापरतो, मेडिकलमध्ये मिळतात. चारही बाटल्यांत जवळपास सारखं डिझेल, दोन नंबर आणि तीन नंबर किंचित वर. या टेस्टवर कोणीही चारही चांगले म्हणून सोडून दिलं असतं.

मग पन्हाळ्याच्या रस्त्याला लागलो. काका चालवत होते, मी शेजारी स्कॅनर मांडीवर घेऊन. वाघबीळचा चढ लागला आणि इंजिन तापल्यावर आकडे फाकायला लागले, ईसीयू मागतंय 1300 बार आणि रेलमध्ये हजाराच्या खाली. चेक लाईट लागली. काका एकदम म्हणाले, "हेच! हेच होतंय बघा!" पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्या शेजारी बसून ते बघत होतं. वर जाऊन गाडी बंद केली, परत सेल्फ मारला, नाही धरली.

तिथंच रस्त्याकडेला बाटल्या लावल्या. नुसत्या सेल्फवर रिटर्न नावापुरतंच यायला पाहिजे. एक, दोन, चारमध्ये थेंब थेंब, आणि तीन नंबरच्या नळीतून धार. रेलचं प्रेशर शंभराच्या आसपास अडकलेलं, आणि दोनशे-अडीचशेच्या जवळ गेल्याशिवाय ईसीयू इंजेक्टर उघडतच नाही, मग नुसता सेल्फ फिरणार, दुसरं काय. तरी पंपावरचा संशय फिटवायचा होता. स्कॅनरवर प्रेशर शून्य झाल्याची खात्री केली (हे न बघता हाय प्रेशरच्या पाइपला पाना लावू नका, ती धार कातडीत घुसते), तीन नंबरची लाइन रेलवरून काढून तिथं बंद टोपी घातली. सेल्फ मारला तर प्रेशर सरसर तीनशेच्या वर, आणि गाडी तीन सिलिंडरवर थरथरत चालू. पंप चांगला. काका खाली उतरून बाटल्यांकडं बघत होते, म्हणाले, "एवढंच होतं?" एवढंच होतं, पण ते दिसायला चढ चढावा लागला.

दुकानात येऊन चारही परत बेंचवर. बेंचचं ऑइल टेस्टला 40 डिग्रीवर ठेवायचं असतं, कंपनीचे आकडे त्याच तापमानाचे. गाडीत काय होतं? हजार बारच्या वरचं डिझेल रिटर्नला सुटलं की स्वतःच तापतं, त्यात शेजारी उकळतं हेड. तापलं की पातळ होतं, आणि पातळ झालं की 40 डिग्रीला जिथून निसटत नव्हतं तिथून निसटतं. मी ऑइल बेंच नेईल तिथपर्यंत तापवलं. त्या तापमानाला लिमिट म्हणून कुठला आकडा छापलेला नाही, म्हणून चौघांची एकमेकांशीच तुलना केली. तिघांचं रिटर्न थोडं थोडं वाढलं. तीन नंबरचं दुपटीच्या वर गेलं. आधीच्या लॅबने खोटा रिपोर्ट दिलेला नव्हता, हे मला मुद्दाम लिहायचंय, काकांना तसं वाटत होतं आणि मी सांगितलं की त्यांचा काही दोष नाही, त्यांच्यापुढं गाडी आलीच नव्हती.

इंजेक्टर खोलला. व्हॉल्व्हमध्ये मोहरीएवढा स्टीलचा गोळा असतो, तो सीटवर बसला की रिटर्न बंद. मायक्रोस्कोपखाली सीटवर बारीक चर दिसला, डिझेलमधल्या पाण्याने आणि कचऱ्याने असं होतं. बरेच मिस्त्री हे बीएस सिक्सच्या डिझेलवर ढकलतात, सल्फर कमी म्हणून वंगण कमी म्हणतात, 2020 पासून सल्फर 50 पीपीएमवरून 10 वर आलं ते खरं, पण मग चार सारख्या इंजेक्टरमधला एकच का जातो याचं उत्तर त्यांच्याकडं नसतं. काकांनी डिझेल फिल्टरमध्ये साठणारं पाणी कधी सोडलंच नव्हतं, तसं सोडायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलंही नव्हतं.

आता माझी अडचण. व्हॉल्व्ह काढला की त्याच्याभोवतीची हाय प्रेशरची सील रिंग नवीनच टाकावी लागते, जुनी परत बसत नाही. आणि ती रिंगसुद्धा तापल्यावर लीक होऊ शकते. मी व्हॉल्व्ह सेट आणि रिंग दोन्ही नवं टाकलं, गरम ऑइलवर तीन नंबर बाकीच्यांच्या रांगेत येऊन बसला, गाडी दुरुस्त झाली. पण नेमकं कुठून निसटत होतं, सीटच्या चरातून का रिंगच्या कडेने? चर फार खोल नव्हता. एवढ्या चराचे इंजेक्टर मी गरम गाड्यांत नीट चालताना बघितलेत. आणि रिंगवर डोळ्याला काहीच दिसत नाही.

काकांना दोन नंबरबद्दलही सांगितलं, म्हणलं हासुद्धा थोडा वर आहे, आज चालेल, पण लक्ष ठेवा. ते म्हणाले, "आत्ता एकच करा, काजूचा सीझन होऊ दे." ठीक आहे, पैसे त्यांचे. परवा मलकापुरातून फोन आला, चहा पिऊन एका सेल्फला चालू झाली म्हणून.

जुना व्हॉल्व्ह आणि जुनी रिंग पिशवीत घालून, वर नंबर लिहून ठेवलंय. भंगारातली एक इंजेक्टरची बॉडी आहे त्याच पार्ट नंबरची, सवड मिळाली की तिच्यात तो जुना व्हॉल्व्ह नव्या रिंगसकट बसवून ऑइल तापवून बघणार आहे. रिटर्न वाढलं तर सीट, नाही वाढलं तर रिंग. या कामातलं कोणी 40 च्या वर ऑइल नेऊन आकडे लिहून ठेवत असेल तर मला सांगा, माझेही देतो.