प्लग नवे, मिसिंग जुन्या वायरचं

माझ्या मारुती एट हंड्रेडचं मिसिंग (सिलिंडरमध्ये ठिणगी चुकणं) सापडलं. गाडी शंभर टक्के झाली असं मात्र अजून म्हणवत नाही. त्याबद्दल पुढे येतोच.

मागचं वाचलेल्यांना माहीत आहे की पॉइंट आणि कंडेन्सर (ठिणगी पाडणारे भाग), टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सगळं उरकलं होतं आणि गाडी ठीक चालत होती. फक्त स्पार्क प्लग झिजलेत म्हणून नवे टाकले, आणि त्याच संध्याकाळपासून थरथर सुरू. सिग्नलला उभी असताना स्टेअरिंग हातात नाचायचं. दिवेघाटात तिसऱ्या गिअरवर जरा दाबली की धक्के. "साहेब, डुप्लिकेट प्लग मारले तुमच्या गळ्यात," हे निदान गॅरेजवाल्यापासून सोसायटीच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांचं एकमुखी.

प्लग मी आधीच तपासून घेतले होते. एनजीके बीपीआर५ईएस, छपाई स्वच्छ, मधला इलेक्ट्रोड बरोबर मध्यावर, आणि वॉशर आट्यांवर फिरतो पण निसटून हातात येत नाही. बनावट प्लगचा वॉशर बहुतेकदा इथेच दगा देतो. गॅप ०.७५ मिमी. बसवताना आधी हाताने पूर्ण आवळले, मग २१च्या बॉक्स पान्याने अर्ध्या फेऱ्याहून किंचित जास्त. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडला यापेक्षा ताकद दाखवायची नसते. (इरिडियमचे महागडे प्लग टाका म्हणणाऱ्यांना पुन्हा एकदा सांगतो: पॉइंटवाल्या ७९६ सीसीला इरिडियम म्हणजे निव्वळ पैसे उधळणं.)

तर मग विचार असा केला. पॉइंट, कंडेन्सर किंवा ठिणगीचं व्होल्टेज बनवणारी कॉइल बिघडली तर तिन्ही सिलिंडर रडतात. इथे थरथर एका लयीत होती, म्हणजे एकच सिलिंडर आजारी. तीन सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या दर २४० अंशांना एक स्फोट होतो. त्यातला एक गळला की ४८० अंश सगळं सामसूम. चार सिलिंडरवाल्यांचं एक मेलं तरी गाडी कुंथत का होईना चालते. आपली डबा होते.

इन्सुलेटेड पक्कड घेऊन चालू इंजिनवर एकेक वायर काढली. काढलेल्या वायरच्या टोकाला जुना प्लग लावून तो बॉडीला टेकवून ठेवायचा. वायर मोकळी लोंबकळू द्यायची नाही, कॉइलवर उगाच ताण येतो. (एमपीएफआयवाल्यांनी, म्हणजे इंजेक्शनच्या गाड्यांवर, हा प्रयोग करू नये, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं.) एक आणि दोन नंबर काढल्यावर इंजिन बसायला आलं. तीन काढली तरी काडीचा फरक नाही. आजारी कोण ते कळलं. मग दोन आणि तीनचे प्लग आपसात बदलले. मिसिंग तीनवरच राहिलं. प्लग निर्दोष सुटले, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा भयंकर आनंद झाला!

आता मल्टिमीटर. एक आणि दोनच्या वायर पाच ते सात किलोओहमच्या आसपास. तीन नंबर सरळ धरली तर आठ. हं, ठीक. पण बुटाजवळ (प्लगवर बसणाऱ्या रबरी टोपीजवळ) जरा वाकवली आणि मीटरवर ओएल, म्हणजे आत जोडच तुटलेली! सरळ केली, पुन्हा आठ. या वायरच्या आत तांबं नसतं, कार्बन लावलेला धागा असतो. वर्षानुवर्षं इंजिनच्या उष्णतेत वायर कडक होते, आणि बुटाला धरून नीट काढली तरी आतला धागा तुटतो. मग ठिणगी त्या फटीतून उडी मारत जाते, प्रत्येक उडीला थोडा कार्बन जाळते आणि फट वाढवत नेते. लोडवर सिलिंडरमधला दाब वाढतो, ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, आणि तिथे ती हार मानते.

नाना पेठेतून सिलिकॉनचा सेट आणला. पहिल्या दुकानदाराने दुसऱ्याच मॉडेलचा "हाच बसतो, बिनधास्त न्या" म्हणून पुढे केला. लांबी बघूनच परत दिला. गाडी सुरू केली आणि आयडलिंग ९०० आरपीएमला गुळगुळीत. तो आवाज ऐकत मी नुसताच उभा राहिलो.

पण दुसऱ्या दिवशी पावसाळी हवेत थंड इंजिनवर मधूनच एक ठोका गळायला लागला. रात्री दिवे घालवून, हात लांब ठेवून, स्प्रेने वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारला. बाहेर कुठेही निळी ठिणगी रांगताना दिसली नाही, तरी ठोका गळतोच. म्हणजे गळती आतच. डेल्कोची (डिस्ट्रिब्युटर, ठिणगी तिन्ही सिलिंडरना वाटणारा) कॅप उघडली, तर तीन नंबरच्या टर्मिनलपासून शेजारच्या टर्मिनलपर्यंत पेन्सिलने ओढावी तशी करडी रेघ. वायर तुटलेली असताना कॉइलचं २० हजार व्होल्टच्या पुढचं करंट कुठेतरी जाणारच, ते कॅपच्या आतल्या अंगाने वाट काढून गेलं. एकदा ही वाट पडली की ओलाव्यात करंट तिथूनच पळतं. रेघ पॉलिश पेपरने घासली तर चार दिवस बरं वाटतं, पुन्हा येते. नवी कॅप पितळी टर्मिनलची घेतली. अ‍ॅल्युमिनियमवाली स्वस्त पडते, पण लवकर पांढरी पडते. कॅपच्या आत फिरणारा रोटरही बदलला.

मिसिंग गेलं. उरलं ते हे: घाटात दाबून चालवली तर उत्तम ओढते, पण सासवड रस्त्यावर सपाटीला हलक्या पायाने चालवताना आळशी वाटते. या रविवारी कार्ब्युरेटर (कार्ब) खोलून त्याचे जेट, म्हणजे पेट्रोलची बारीक भोकं, साफ करायचे असं ठरवलं होतं. हे लिहिता लिहिता लक्षात आलं की जेटचा कचरा असता तर पूर्ण दाबल्यावर गाडी जास्त रडली असती. पूर्ण थ्रॉटलला इंजिनच्या ओढीचा व्हॅक्यूम उरतच नाही; हलक्या पायावर मात्र त्या व्हॅक्यूमवर चालणाऱ्या व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सने ठिणगीचं टायमिंग पुढे न्यायला हवं. लिहिणं थांबवून खाली गेलो, डेल्कोला जोडलेल्या त्या अ‍ॅडव्हान्सच्या डबीची नळी तोंडात धरून ओढली. आतली प्लेट ढिम्म हलली नाही आणि हवा सरळ येत राहिली. डबीतला डायफ्रॅम (रबरी पडदा) फाटलाय.

तेव्हा कार्बला हात लावत नाही. बुधवारी जुन्या बाजारात चक्कर मारतो. कुणाकडे पॉइंटवालं डेल्को नुसतं पडून असेल आणि त्याची डबी तोंडाने ओढल्यावर व्हॅक्यूम धरत असेल, तर कळवा. पूर्ण डेल्को नको, डबीच हवी आहे.