चैत्रातला चर

"लेकरा, झाडाला आता पाणी द्यायचं नाही, पाणी काढून द्यायचं," शेजारच्या काकू म्हणाल्या आणि खुरपं घेऊन थेट वाफ्यात बसल्या.

लातुरात आठवडाभर हेच चाललंय. दुपारी ऊन, संध्याकाळी अवकाळी, आणि ऐन चैत्रात शाल घ्यावी असा गारठा. आमची काळी माती पाणी धरून बसते. मोगऱ्याच्या बुडाशी नुसतं तळं. काकूंनी कोपऱ्यातून चर काढला, तेव्हा कुठे पाणी हललं.

मग गुलाब. कळी टपोरी, पण उमलेना. बाहेरच्या पाकळ्या भिजून, उन्हात वाळून, तपकिरी कागदासारख्या चिकटलेल्या. काकूंनी नखाने तेवढाच पापुद्रा सोलला. आतला गुलाबी रंग जसाच्या तसा!

त्यांचं ते वाक्य मात्र दिवसभर डोक्यात घोळतंय. 2016 च्या एप्रिलात याच गावाला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. भाजी धुतलेलं पाणी तुळशीला घालणारी माणसं आम्ही. आळं करायला घरोघरी शिकवलं गेलं, चर काढायला कुणी शिकवलंच नाही.

माझी मोजकी झाडं, निभावतील. पण शिवारात ज्यांची ज्वारी भिजून काळी पडली, ज्यांच्या कैऱ्या झडल्या, त्यांच्यासाठी जीव तुटतो.

गुलाबाखालची डागाळलेली पानं आज वेचून टाकली, बुरशी तिथूनच पसरते. तुमच्याकडे काय परिस्थिती? मोगऱ्याच्या कळ्या टिकल्यात का?