बिलातली चूक पकडणाऱ्या डॉकवरच्या माणसाला काय मिळतं?

अमेरिकेत ओहायोतल्या कोलंबस शहराच्या कडेने निघालात की मैलोनमैल गोदामं आणि ट्रकची टर्मिनलं लागतात, आपल्या भिवंडीसारखीच पण जास्त पसरलेली. अशाच एका ट्रक कंपनीत मी बिलिंगला आहे. आमचं काम एलटीएलचं, म्हणजे एका गिऱ्हाईकाचा अख्खा ट्रक नाही तर बऱ्याच गिऱ्हाईकांचे एक-दोन-तीन पॅलेट, म्हणजे लाकडी फळीवर रचलेला माल, एकाच ट्रेलरमध्ये येतात, रात्री डॉकवर, म्हणजे ट्रेलर लागतात त्या फलाटावर, ते सगळं उतरवायचं आणि ज्या गावाला जायचंय तिकडच्या ट्रेलरमध्ये परत चढवायचं. प्रत्येक पॅलेटचं बिल वेगळं, त्यामुळे चुकायला जागा भरपूर, आणि ती चूक डॉकवर पकडणाऱ्यासाठी आमच्याकडे बक्षिसाची स्कीम आहे.

इथे मालाला क्लास असतो, एकूण १८ क्लास, ५० पासून ५०० पर्यंत, आणि क्लास वर गेला की दर वाढतो. माल किती घट्ट भरलाय, उचलायला-रचायला किती त्रासाचा आहे, फुटला किंवा चोरीला गेला तर जबाबदारी किती, यावर तो ठरतो. लोखंडी बोल्टचं खोकं खालच्या क्लासात, उशांचं खोकं वरच्या, कारण उशा जागा खातात आणि वजन काहीच नाही. जुलै २०२५ मध्ये यात मोठा बदल झाला, खूपसा माल सरळ घनतेच्या हिशोबावर आणला आणि घनतेचे टप्पे ११ चे १३ केले. म्हणजे आता लांबी-रुंदी-उंची आणि वजन या चार आकड्यांवर बरंचसं बिल उभं राहतं, आणि हे आकडे पाठवणाऱ्याने कागदावर लिहिलेले असतात, पुष्कळदा अंदाजानेच.

आमच्या डॉकवर एक दाजू आहेत, नेपाळीत दाजू म्हणजे थोरला भाऊ. कोलंबसमध्ये भूतानमधून बाहेर काढलेले नेपाळी बोलणारे लोक खूप राहतात, त्यातलेच ते, वयाने माझ्या मोठ्या काकांएवढे, आमचं बोलणं हिंदीत चालतं आणि ते मला बहिनी म्हणतात. त्यांची एक रात्र सांगते. कागदावर पॅलेट ४८ बाय ४० इंच, उंची ४८, वजन ५०० पौंड, म्हणजे घनफुटाला ९.४ पौंडाच्या आसपास, क्लास १००. फोर्कलिफ्टच्या वजनकाट्यावर वजन बरोबर आलं, पण पॅलेट त्यांच्या खांद्याच्या वर जात होतं आणि चार फुटी पॅलेट खांद्याच्या वर जाईलच कसं, म्हणून ते खाली उतरले, टेप लावली, ७२ इंच. घनता आली ६.२५ आणि क्लास झाला १२५. मग त्यांनी फोटो काढला, टेपचा आकडा आणि स्टिकरवरचा प्रो नंबर, म्हणजे त्या शिपमेंटचा ओळख नंबर, एकाच फोटोत येईल असा, कारण वेगवेगळे फोटो असले की गिऱ्हाईक म्हणतं हे माझं पॅलेटच नाही, आणि मग माझ्याकडे दाखवायला काही राहत नाही.

छताला मापं घेणारं मशीन आहे ना, मग माणूस कशाला, असं ऑफिसमधले नवीन लोक विचारतात. मशीन उंची सांगतं. कागदावर मशिनरी पार्ट्स लिहिलंय आणि प्लास्टिकच्या आत लॅम्पशेड दिसतायत हे मशीनला कसं कळणार? आणि प्रत्येक पॅलेट मशीनखालून जातोच असंही नाही, घाईत सरळ ट्रेलर टू ट्रेलर जातो.

आता मुद्द्याचं. डॉकवरच्या माणसाचं मोजमाप होतं तासाला किती शिपमेंट हलवल्या यावर. टेप काढा, फोटो काढा, हँडहेल्डवर भरा, यात जो वेळ जातो तो त्याच्याच आकड्यातून कापला जातो, आणि पहाटेच्या आत ट्रेलर सुटलेच पाहिजेत. म्हणजे चूक पकडणाऱ्याचा आकडा खराब आणि न बघता ढकलणाऱ्याचा चांगला! बक्षीस द्यायच्या आधी निदान त्याचं नुकसान तरी थांबवा, हे मी पहिल्यापासून बोलतेय. आता तपासणीची मिनिटं वेगळी धरायला लागलेत, आणि माझ्या मते बक्षिसापेक्षाही याचा फरक जास्त पडलाय.

बक्षिसाची स्कीम आली तेव्हा नियम असा होता की क्लास वाढला किंवा वजन वाढलं की पॉइंट, पॉइंट साठले की गिफ्ट कार्ड. एक तर इथे मालकाने दिलेलं गिफ्ट कार्ड पगारच धरलं जातं, रक्कम कितीही छोटी असो टॅक्स लागतो, त्यामुळे हातात कार्ड आणि पगाराच्या स्लिपवर कपात, लोक वैतागले आणि ते साहजिकच होतं. सरळ पगारात रोख द्या ना. दुसरं म्हणजे ज्याला त्याला टॅग, म्हणजे ‘इथे चूक आहे’ अशी खूण, लागायला लागले, अर्धा इंच जास्त दिसला की लाव टॅग, आणि ती भांडणं सगळी आमच्या टेबलावर. इथे कायदा असा की जादा पैसे मागायचे तर मूळ बिल मिळाल्यापासून १८० दिवसांच्या आत मागावे लागतात, आणि गिऱ्हाईकालाही तक्रार करायला १८० दिवसच. तेव्हा नुसती चूक दाखवली म्हणून पॉइंट नाही, फोटोसकट ती दुरुस्ती टिकली तरच पॉइंट, असं करायला लागलं.

पण मला सगळ्यात जास्त खुपतं ते हे की गिऱ्हाईकाच्या बाजूची चूक पकडली तर काहीच नाही. कागदावर १२०० पौंड लिहिलेत आणि काट्यावर ७०० आले, किंवा एकच शिपमेंट दोन प्रो नंबरवर चढली आणि दोन बिलं गेली, हे पण डॉकवरच कळतं. दाजूंनी एकदा असं दोनदा चढलेलं पॅलेट शोधलं, दोन स्टिकर एकाखाली एक, नखाने वरचं उकरून खालचा नंबर वाचला आणि मला सांगायला आले. पॉइंट शून्य. हे चूक आहे, सरळ चूक आहे. गिऱ्हाईकाला कळलं की या लोकांचं बक्षीस बिल वाढण्यावरच आहे तर खरी दुरुस्तीसुद्धा तो मानणार नाही, आणि का मानावी त्याने?

माल हलवणाऱ्या लोकांना कशाने उत्साह येतो याचा एक जुना आणि गाजलेला किस्सा अमेरिकेतल्याच एमरी एअर फ्रेट या माल पोचवणाऱ्या कंपनीचा आहे, १९७० च्या आसपासचा. छोटी पार्सलं एकत्र मोठ्या कंटेनरमध्ये भरली की पैसे वाचायचे, आणि सगळ्यांची खात्री होती की जिथे शक्य आहे तिथे ९० टक्के वेळा आपण तसंच भरतो. मोजलं तर निघालं ४५ टक्के. मग एडवर्ड फीनी नावाच्या त्यांच्या अधिकाऱ्याने कामगारांनाच आपापली नोंद ठेवायला दिली, सुपरवायझरने ती बघून कौतुक करायचं, बस, आणि आकडा ९५ टक्क्यांवर गेला. पुढे तीच ती शाबासकी ऐकून लोक कंटाळले हेही खरं. मला त्यातली नोंदीची गोष्ट महत्त्वाची वाटते. आमच्याकडे दाजू टॅग लावतात आणि त्याचं पुढे काय झालं हे त्यांना महिनोन्‌महिने कळत नाही, म्हणून मी आता शुक्रवारी एक कागद प्रिंट करून डॉकच्या ब्रेकरूममध्ये लावते, कोणत्या प्रो नंबरचं काय झालं, टिकलं की नाही, नाही तर का नाही. लोक जेवताना उभे राहून वाचतात आणि मग मला येऊन वाद घालतात, फार बरं वाटतं.

ड्रायव्हर मात्र या स्कीममध्ये अजून नाहीत. ट्रकच्या मागची लिफ्टगेट, म्हणजे माल जमिनीवर उतरवणारी फळी, वापरली की त्याचा चार्ज वेगळा, दुकानाऐवजी घरी माल दिला की त्याचा वेगळा. बिलावर लिफ्टगेट लागलीय आणि प्रत्यक्षात तिथे डॉक होता, माल तसाच उतरला, हे जगात फक्त ड्रायव्हरला आणि घेणाऱ्याला माहीत असतं. पुढच्या मीटिंगला मी दोन गोष्टी मागणार आहे, ड्रायव्हरला घ्या, आणि बिल कमी करणाऱ्या दुरुस्तीला वाढवणाऱ्याइतकेच पैसे द्या. मॅनेजर पहिल्याला हो म्हणेल असं वाटतंय. दुसऱ्यासाठी मी मागच्या तिमाहीतली भांडणं काढून ठेवलीयत, एकेका फायलीवर आमच्या ऑफिसचा किती वेळ गेला ते लिहून.