थंडी वाजते की लागते

मंगळवार, रात्री साडेदहा

इंदूरहून पुण्याला परत येऊन चार दिवस झाले, तरी बॅग अजून पूर्ण रिकामी केलेली नाही. तळाशी वहिनीने बांधून दिलेली शेव आणि जीरावन मसाल्याची पुडी आहे, आणि तिथपर्यंत हात गेला की मी दुसरेच काहीतरी काम काढते. एवढ्याशा गोष्टीने माणसाने इतके अस्वस्थ होऊ नये हे मला समजते. पण गुरुवारी सकाळचा तो प्रश्न रात्री अंथरुणावर पडल्यावरही पाठ सोडत नाही, म्हणून शेवटी ही वही उघडली.

गुरुवारी दादा पूजेला बसला होता आणि वहिनीचा गुडघा धरला होता, म्हणून सगळ्यांसाठी पोहे आणायला मी एकटीच बडा गणपतीच्या दिशेने गेले. ऊन अजून रस्त्यावर उतरले नव्हते. गाडीवर सगळे जुन्यासारखेच होते: खाली पाणी उकळत असलेले पातेले, त्यावर पिवळ्या पोह्यांची परात, वाफेने ओलसर राहिलेल्या त्या ढिगात मधूनच दिसणारी बडीशेप, आणि बाजूला शेव, बारीक चिरलेला कांदा, डाळिंबाचे दाणे. वडिलांचे बोट धरून मी अशाच गाडीपाशी उभी राहत असे, आणि शेजारच्या कढईतली जिलेबी पाकातून निघेपर्यंत ते मला पोह्यांना हात लावू देत नसत. गाडीवरच्या मुलाने द्रोणात पोहे भरले, वर मूठभर शेव टाकली, जीरावनच्या डब्यावर हात ठेवला आणि थांबून विचारले, "मैडम, जीरावन चलेगा? बाहर से आए हो क्या?"

माझ्या आधी चार जणांनी पोहे घेतले होते आणि त्यांतल्या एकालाही त्याने हे विचारले नव्हते. इंदुरात पोह्यांवर जीरावन घालताना कोणी विचारत नाही, जसे पुण्यात मिसळीवर तर्री घालण्याआधी फक्त पाहुण्यालाच विचारतात. मी "चलेगा" एवढेच म्हटले आणि पैसे देऊन निघाले. "मी मल्हारगंजातलीच आहे, इथेच वाढले" हे वाक्य ओठांपर्यंत आले होते, पण ते म्हणण्याची वेळ यावी हेच मला इतके लागले की ते तसेच गिळले गेले. घरी पोचेपर्यंत पोहे निवले होते.

त्याने कशावरून ओळखले असेल, याचा मी चार दिवस विचार करते आहे. साडीवरून म्हणावे तर तशा साड्या तिथेही सगळ्याच नेसतात. माझे हिंदी आता पुण्याचे झाले असेल, तर ते मला ऐकू येत नाही. कदाचित मी गाडीपासून दोन हात मागे, रांगेत उभी राहिले म्हणून असेल. तिथे गाडीभोवती गोल करून उभे राहायचे असते आणि "भिया, दो प्लेट" म्हणून हात पुढे करायचा असतो. मी मात्र कोणी आधी आलेले आहे का, हे पाहत थांबले होते.

हा प्रश्न एरवी मी विसरूनही गेले असते. पण आदल्याच रात्री जेवणानंतर दादाने वरच्या मजल्याची गोष्ट काढली होती. तो रिकामा आहे, रंग काढून दिला की राहण्याजोगा होईल, आता नोकरीही संपली आहे, आणि गेल्या मार्चनंतर पुण्यात एवढ्या घरात एकटीने राहण्याचे कारण काय, असे तो म्हणाला. शेवटचे वाक्य त्याने अर्धेच सोडले, आणि मीही ते पुढे नेले नाही. वाटणीच्या कागदाबद्दल तो काहीच बोलला नाही. त्याबद्दल मीही इथे लिहिणार नाही. संक्रांतीपर्यंत काय ते कळव, एवढेच त्याचे म्हणणे होते. मी रात्रभर जागी राहून मनातल्या मनात कर्वेनगरातले हे घर आवरले, भांडी वाटली, पुस्तके खोक्यांत भरली, आणि सकाळी जवळजवळ निश्चय करूनच पोहे आणायला बाहेर पडले. ज्या गावी परत जायचे ठरवले, त्या गावाने पहिल्याच सकाळी मला पाहुणी म्हणावे, हा योग काही मला साधा वाटला नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी आम्ही गच्चीवर बसलो होतो. माळव्याच्या रात्रीचे कौतुक उगीच होत नाही. दिवसभर तापलेली हवा सूर्य मावळताच अशी काही हलकी होते की घरात जावेसे वाटत नाही. पण नोव्हेंबर संपत आला होता, वारा बोचत होता, म्हणून मी म्हणाले, "दादा, थंडी वाजायला लागली, आत जाऊ या." तो हसला आणि म्हणाला, "वाजायला लागली? तुला थंडी लागत असे." त्याने ते प्रेमाने म्हटले होते. मला मात्र रडू आले आणि ते लपवायला मी खाली चहा टाकायला गेले.

1988 मध्ये लग्न होऊन पुण्यात आले तो डिसेंबर मला स्वच्छ आठवतो. "मला थंडी लागून राहिली आहे," असे मी स्वयंपाकघरात म्हणाले, आणि सासूबाईंनी कणीक मळता मळता, अगदी सहज, मला सांगितले, "थंडी वाजते गं, लागत नाही." त्या वाईट नव्हत्या. त्यांनी मला बरेच काही शिकवले आणि आयुष्यभर माया केली. पण त्या दिवसापासून मी तोंड उघडण्यापूर्वी वाक्य मनात एकदा म्हणून पाहू लागले. दारी आलेल्या प्रत्येकाला "आपण बसावे, आपण चहा घेणार ना" म्हणण्याची माझी सवय पुण्यात अवघडलेली वाटते, हे कळल्यावर मी "तुम्ही" म्हणायला शिकले. येऊन राहिले, करून राहिले हे सगळे वर्षभरात गेले. हे कष्टाने मिळवलेले मराठी पुढे माझ्यात इतके मुरले की शाळेत मुलांच्या वह्या तपासताना हिंदी वळणाच्या वाक्याखाली मीच लाल रेघ ओढू लागले. आणि तरीही, 37 वर्षांनंतर, या सोसायटीत मी "इंदूरच्या काकू" आहे. कोणाकडे शेव घातलेले पोहे झाले की मला हाक येते. इथे मी इंदूरची, आणि इंदुरात बाहेरची. साठी उलटल्यावर, घरात दुसरे माणूस उरलेले नसताना, हे वाक्य लिहायला किती जड जाते ते मला आज कळले. लिहिताना सासूबाईंवर आणि त्या पोहेवाल्या मुलावर सारखाच राग आला, आणि त्या दोघांची काही चूक नाही हे माहीत असल्यामुळे तो कुठेच टाकता येईना.

इथवर लिहून मी तासभर थांबले होते. दादाला हव्या असलेल्या कागदांसाठी वडिलांची फाईल काढायची होती, ती काढली. पावत्या आणि जुन्या घरपट्टीच्या खाली त्यांचा शाळेचा दाखला सापडला. घड्यांवर कागद फाटत आला आहे, शाई तपकिरी झाली आहे, पण जन्मस्थळापुढचे अक्षर वाचता येते: "इंदूर, होळकर स्टेट." हा दाखला मी पूर्वीही पाहिला असणार, पण तेव्हा तो वाचला नव्हता. वडिलांचा जन्म 1931 चा. ते सतरा वर्षांचे असताना, 1948 मध्ये, होळकरांचे संस्थान मध्य भारतात विलीन झाले, आणि 1956 च्या नोव्हेंबरात मध्य भारत मध्य प्रदेशात मिसळला. म्हणजे मल्हारगंजातल्या एकाच घरात, एकाच ओट्यावर बसून, त्यांनी पंचविशीतच तीन राज्ये पाहिली. त्यांना कधी घर बदलावे लागले नाही, राज्यच त्यांच्याभोवती बदलत राहिले.

आणि या काळात शेजारी त्यांना काय म्हणत होते, तेही मला आठवले. आमच्या गल्लीतली मारवाडी आणि माळवी कुटुंबे आम्हाला "दक्षिणी" म्हणत. आमचे पूर्वज होळकरांच्या फडात कारकुनीला आले, त्याला पाच पिढ्या होऊन गेल्या होत्या. कुलवृत्तांतात साताऱ्याकडच्या ज्या गावाचे नाव आहे, ते वडिलांनी जन्मात पाहिले नव्हते. तरी शेजारच्या पंडितजींच्या आजी आईला हाक मारत ती "दक्षिणीबाई" म्हणूनच. श्रावण आला की हे अधिकच दिसे. हिंदी पंचांगात महिना पौर्णिमेनंतर सुरू होतो आणि आपल्यात अमावास्येनंतर, त्यामुळे शेजारच्या घरी श्रावणी सोमवार सुरू झाले तरी आमच्याकडे आषाढच चालू असे, आणि त्यांचा श्रावण संपला की आमचा आणखी पंधरा दिवस राही. शेजारच्या मैत्रिणी मला विचारत, "तुम्हारा सावन अब तक चल रहा है?" आणि मी मोठ्या मानाने हो म्हणत असे, कारण मला सोमवारची साबुदाण्याची खिचडी त्यांच्याकडेही मिळे आणि मग आमच्याकडेही.

म्हणजे त्या गल्लीत मला प्रश्न नव्हते असे कधीच नव्हते. मी काय बोलते, आमचा सण केव्हा, आमच्या पुरणपोळीत गूळ की साखर, हे लोक रोज विचारत असत, आणि मी रोज सांगत असे. तेव्हा त्या विचारण्याने मला काही होत नसे. मागे ओटा होता, ओट्यावर वडील होते, त्यामुळे कोणी "कहाँ की हो" म्हटले तर मागे बोट दाखवले की झाले. चार दिवस मी त्या पोहेवाल्यावर मनातून रुसले आहे, ते त्याने मला परकी ठरवले म्हणून, असे मला वाटत होते. आता वाटते की त्याने विचारले आणि मला मागे दाखवायला कोणी नव्हते, म्हणून मी निघून आले. दादा पूजेला बसलेला होता, घर पाच मिनिटांवर होते, आणि मी एका मुलाला सरळ उत्तर दिले नाही. वडील असते तर त्यांनी त्याला होळकर स्टेटपासून सुरुवात करून सगळे सांगितले असते आणि पोहे थंड होऊ दिले असते.

मग राहते ते खरे ठरवायचे. दादा म्हणतो तसे सगळे आवरून कायमचे जाणे मला आज तरी जमणार नाही. तिकडची डॉक्टरमंडळी ओळखीची नाहीत, लेक मुंबईत आहे, आणि या घरातल्या काही गोष्टींना अजून हात लावलेला नाही. गाडी तिकडे नेली तर वर्षभरानंतर ती तिथे नव्याने नोंदवावी लागते, मतदारयादीतले नाव हलवायला अर्ज भरावा लागतो. ही कामे अवघड नाहीत, पण प्रत्येक कागद भरताना आपण कुठले, हे एकदा ठरवून लिहावे लागते आणि त्याला मी तयार नाही. प्रवासाचेही आहे. दादा दर वेळी सांगतो की मनमाड ते इंदूर लोहमार्ग झाला की पुणे जवळ येईल. त्या 309 किलोमीटरच्या मार्गाला केंद्राने 2024 मध्ये मंजुरी दिली, तेव्हा त्याने मला बातमीचे कात्रण पाठवले होते. पण तोवर गाडी सुरत, वडोदरा, रतलाम असा गुजरातभर वळसा घेऊनच जाणार, नाहीतर रात्रीच्या बसने सेंधव्याचा घाट चढावा लागणार. मध्य प्रदेशाची सरकारी बससेवा 2005 मध्येच बंद झाली, त्यामुळे ती बसही बहुधा खासगीच. निरोप आला आणि तडक निघाले, असे या वयात होणार नाही. हे सगळे खरे आहे. पण गेल्या आठवड्यापर्यंत मी हीच कारणे न जाण्यासाठी गोळा करत होते, आणि आज ती नुसती सोयी-गैरसोयी म्हणून डोळ्यांपुढे येतात, हा फरक मला जाणवतो.

म्हणून ठरवले ते एवढेच की हे घर विकायचे नाही, आणि संक्रांतीनंतर तीन महिन्यांसाठी वरच्या मजल्यावर जाऊन राहायचे. रंगपंचमीची गेर, ती रंग उधळत निघणारी मिरवणूक, किती वर्षांत पाहिलेली नाही. राजवाड्यापुढे उडणारा तो गुलाल पाहूनच परत यायचे की पुढे राहायचे, हे तिथे असतानाच ठरेल. दादाला माझे "वाजते" ऐकावे लागेल. वहिनी "लागते" म्हणेल, आणि शेजारी आम्हाला दोघींना जे म्हणायचे ते म्हणतील.

पुडी आत्ताच काढली. दोरा सोडताना हाताला जिऱ्याचा, काळ्या मिठाचा आणि आमचूराचा तो वास लागला, आणि एवढ्या रात्री भूक लागली. उद्या सकाळी पोह्यांवर घालीन, वर शेवही, आणि खोबरे मात्र नेहमीसारखे घालीन, कारण त्याशिवाय आता मला पोहे पोहे वाटत नाहीत.

दादाला निरोप पाठवला. मी शाळेत असताना, 1978 मध्ये, नर्मदेचे पाणी सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून चढवून शहरात आले, तेव्हा आईने पहिली कळशी देवापुढे ठेवली होती. ते आठवून त्याला विचारले की वरच्या मजल्यावर आता नर्मदा किती वाजता येते. तोही जागाच होता. त्याचे उत्तर आले: "एक दिवसाआड, सकाळी सहाला. वरची टाकी भरायला तुलाच उठावे लागेल."