चित्रकाराची नस्ती

गुरुवार, रात्र

शिवाजीनगर न्यायालयातून आज निघायला साडेसहा वाजले. पिशवीत उद्याच्या दाव्यांच्या कागदांबरोबर एका सरकारी विभागाने १९७४ साली छापलेली, पिना गंजून पाने सुटी झालेली एक पुस्तिका होती, आणि घरी येईपर्यंत माझे लक्ष तिच्यावरच होते. विभागाने दोन वर्षांपूर्वी तिची नवी आवृत्ती काढली. चित्रे तीच ठेवली, त्यांत भडक रंग भरले, आणि जुन्या आवृत्तीच्या शेवटच्या पानावर बारीक टाइपात का होईना, पण छापलेले चित्रकाराचे नाव गाळले. चित्रकार १९९६ साली वारले. कोथरूडला राहणाऱ्या त्यांच्या कन्येने आता, सरकारवर दावा लावण्यापूर्वी द्यावी लागणारी दोन महिन्यांची नोटीस दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली दिली असून, त्या दोन महिन्यांपैकी सहा आठवडे ती नोटीस या मेजावरून त्या मेजावर फिरण्यातच गेले आहेत.

सरकारी वकील म्हणून माझ्याकडे पाठवलेल्या नस्तीसोबत (म्हणजे फाइलसोबत) आलेल्या विभागाच्या टिपणीचा शेवट असा आहे : ‘सदर चित्रांचे सर्व हक्क शासनाचे असल्याने नोटिशीस नकारार्थी उत्तर देण्याबाबत अभिप्राय द्यावा.’ अभिप्राय मागताना तो कोणता हवा तेही कळवण्याची ही रीत मला आता खटकेनाशी झाली आहे, हे लिहिताना मात्र जरा खटकले.

टिपणीतला पूर्वार्ध बरोबर आहे, आणि अडचण तिथेच आहे. एरवी स्वतंत्रपणे काम करणाऱ्या चित्रकाराने पुस्तकासाठी रेखाचित्रे काढली, तर लेखी हस्तांतर होईपर्यंत त्यांचा कॉपीराइट सहसा त्याच्याकडेच राहतो. पण शासनाच्या निदेशानुसार किंवा नियंत्रणाखाली तयार झालेली कृती १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमात ‘शासकीय कृती’ ठरते, आणि उलट करार नसेल तर कलम १७ प्रमाणे तिचा पहिला मालक शासन असते. जुन्या नस्तीत करार नाहीच. ‘रेखाचित्रे, १८ नग’ एवढ्या मजकुराचे देयक तेवढे आहे. चित्रे नगांवर मोजलेली पाहून हसू आले, मग आले नाही. कलम २८ प्रमाणे मुदत प्रकाशनाच्या पुढच्या वर्षारंभापासून ६० वर्षे, म्हणजे ३१ डिसेंबर २०३४ पर्यंत. तोवर ही चित्रे शासनाची आहेत, यात मला शंका नाही.

परंतु कलम ५७ मालकीबद्दल बोलतच नाही. कॉपीराइट दुसऱ्याकडे गेला तरी कृती आपली आहे असे सांगण्याचा, आणि आपल्या लौकिकाला बाध येईल अशा फेरफाराला हरकत घेण्याचा कर्त्याचा हक्क ते वेगळा राखून ठेवते. दिल्लीच्या विज्ञान भवनातील अमरनाथ सहगल यांचे कांस्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून टाकण्यात आले. मालकी सरकारची होती, तरीही २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे अवशेष सहगलांना परत देण्याचा आणि ५ लाख रुपये भरपाईचा निकाल केंद्र सरकारविरुद्ध दिला. तो निकाल मी त्या वर्षी वाचला, तेव्हा सरकार हरले याचा मला आनंद झाला होता. त्या वेळी मी सरकारी वकील नव्हतो.

खरा पेच वारसांचा आहे. पूर्वी कलम ५७ खालील हक्क कर्त्याच्या पश्चात वारसांना बजावता येत. मात्र कर्तेपण सांगण्याचा हक्क त्यातून वगळलेला होता. तो अपवाद २०१२ च्या दुरुस्तीने गेला. चित्रकार दुरुस्तीच्या १६ वर्षे आधी वारलेले असल्याने तिचा लाभ त्यांच्या मुलीला मिळत नाही, असा बचाव घेता येण्याजोगा आहे. तो मी काल रात्री कच्च्या टिपणात लिहिलाही होता, आणि चांगला उतरला होता. वाक्ये चांगली उतरली की ती खोडणे जड जाते.

आज दुपारी खोडली. आवृत्ती दोन वर्षांपूर्वीची, म्हणजे नाव गाळले गेले ते दुरुस्तीनंतर, हे त्याचे कायदेशीर कारण झाले. दुसरे कारण असे की गेल्याच सोमवारी मी सत्र न्यायालयात पाठ्यपुस्तकांच्या बनावट प्रती छापणाऱ्या एकाच्या अटकपूर्व जामिनाला विरोध करत होतो. कलम ६३ चा, म्हणजे कॉपीराइटभंगाचा, गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ चा निर्णय वाचून दाखवला, आणि लेखक-चित्रकारांच्या कष्टांवर पाचेक मिनिटे बोललो. ते मनापासून होते. त्याच तोंडाने तीन दिवसांनी अठरा नगांची भाषा बोलायची, हे मला जमले नसते असे नाही. जमले असते, याचीच धास्ती वाटली.

चित्रकाराच्या कन्या आज त्यांच्या तरुण वकिलाबरोबर कार्यालयात आल्या होत्या. जुन्या दिनदर्शिकेच्या कागदात गुंडाळून मूळ पेन्सिलचित्रे आणली होती. सुपाने धान्य पाखडणारी बाई दाखवून म्हणाल्या, “ही आमची आई. वाड्याच्या चौकात बसवून बाबांनी काढली.” छापील आवृत्तीत तिचे लुगडे आता झगझगीत गुलाबी आहे. नुकसानभरपाईचा विषय त्यांच्या वकिलाने काढताच त्यांनी त्याला थांबवले. “वकीलसाहेब, पैसे बाबांना तेव्हाच मिळाले. नाव का काढलंत, ते सांगा.” मला सांगता आले नाही. नस्तीत कारण नाही. बहुधा कोणी काढलेच नसावे, नव्याने पाने लावताना शेवटचे पान राहून गेले असावे.

रंग भरल्याने लौकिकाला बाध येतो का, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल, म्हणून तो मुद्दा मी अभिप्रायात मोघम ठेवला. नावाबाबत मोघम ठेवले नाही : मालकी शासनाची आहे हे नोटिशीच्या उत्तरात स्पष्ट सांगावे, शिल्लक प्रतींवर चित्रकाराच्या नावाची छापील पट्टी चिकटवावी, आणि पुढील आवृत्तीत नाव पहिल्या पानावर घ्यावे.

अभिप्राय पाठवून तासही झाला नसेल, तोच कक्ष अधिकाऱ्यांचा फोन आला. आता वाद होणार म्हणून मी सरसावून बसलो, तर त्यांची शंका निराळीच होती : पट्टीच्या छपाईचा खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकायचा? उद्या पहिला पुकारा होण्याआधी कोषागारातील एका परिचितांना विचारून घेईन.