टोरेस गेला, त्या रात्रीची पाळी

आमच्या फ्लोअरवर मोबाइल न्यायला बंदी होती. ग्राहकांच्या कार्डांचे नंबर स्क्रीनवर दिसायचे, म्हणून दाराशी लॉकर, लॉकरमध्ये फोन. कागद-पेनसुद्धा बाहेरच. इंटरनेट म्हणाल तर लाइन तपासायची दोन-तीन टूल्स सोडून सगळं ब्लॉक. आणि आमचं काम काय, तर पुण्यात बसून इंग्लंडमधल्या लोकांचं बंद पडलेलं इंटरनेट चालू करून द्यायचं. स्वतःला स्कोअर बघायची सोय नाही, पण दुसऱ्याला तो दिसावा म्हणून रात्रभर झटायचं!

31 जानेवारी 2011, सोमवार. पाळी रात्री साडेआठ ते पहाटे साडेपाच, म्हणजे तिकडचे दुपारी तीन ते मध्यरात्र. तिकडे रात्री अकराला, आपल्याकडे पहाटे साडेचारला, जानेवारीची ट्रान्सफर विंडो, म्हणजे फुटबॉल क्लबांनी खेळाडू विकत घ्यायची-विकायची मुदत, बंद होणार होती. मी लिव्हरपूल क्लबवाला, 2005 ची इस्तंबूलची चॅम्पियन्स लीग फायनल बघून या नादाला लागलेल्या पिढीतला. शुक्रवारी आमचा स्ट्रायकर फर्नांडो टोरेसने क्लब सोडायचा लेखी अर्ज दिला होता आणि क्लबने तो फेटाळला होता. कॅबमधून उतरताना शेवटचं वाचलं तेव्हा चेल्सीशी घासाघीस चालूच होती. तेवढं डोक्यात घेऊन फोन लॉकरमध्ये टाकला आणि लॉगिन केलं.

क्यू, म्हणजे थांबलेल्या कॉलची रांग, पहिल्यापासूनच लाल. एरवी सोमवारी कॉल जास्त असतातच, पण त्या दिवशी आवाजांत एक वेगळीच घाई होती. कारण माझ्या लक्षात आलं ते तिसऱ्या-चौथ्या कॉलला. तिकडे स्काय स्पोर्ट्स न्यूज हा चॅनल आधी साध्या फ्रीव्ह्यूवर फुकट दिसायचा. 2010 च्या ऑगस्टमध्ये तो तिथून काढून पैसे भरणाऱ्यांपुरता ठेवला. म्हणजे विंडोच्या शेवटच्या दिवशी ज्याच्याकडे स्काय नाही, त्याला रेडिओ नाहीतर इंटरनेट. एरवी ‘इंजिनिअर परवा येईल’ म्हटलं की ठीक आहे म्हणणारी माणसं त्या दिवशी परवा हा शब्दच ऐकून घेत नव्हती.

पहिली पक्की बातमी मला बर्कनहेडच्या एका गृहस्थांनी दिली. बर्कनहेड म्हणजे मर्सी नदीच्या पलीकडचा काठ, लिव्हरपूलच्या समोर. मी लाइन टेस्ट लावली, ती चालायला दोन मिनिटं लागतात, आणि त्या दोन मिनिटांत काहीतरी बोलत राहायचं असं आम्हाला शिकवलेलं. बहुतेक जण हवामान विचारतात. मी विचारलं, “टोरेसचं काय झालं?”

ते गप्पच. मग म्हणाले, “तू आपल्यातला का रे?”

हो म्हटल्यावर तो माणूस सुटलाच. टोरेस गेल्यात जमा आहे, त्याच्या जागी न्यूकॅसलचा अँडी कॅरोल आणायचं चाललंय, 3 कोटी पौंड द्यायला गेले तर न्यूकॅसलने नाही म्हटलं. मला वाटलं लाइनमध्ये खरखर आहे, आकडा नीट ऐकू आला नाही. पुन्हा सांगा म्हटलं. ते म्हणाले, “मीही रेडिओला तेच म्हटलं.”

कॅरोल मला माहीत नव्हता असं नाही. डिसेंबरमध्ये न्यूकॅसलने आम्हाला 3-1 हरवलं, त्यात शेवटचा गोल त्याचाच, लांबून हाणलेला. वय 22, उंचापुरा, हेडिंगला भारी, त्या मोसमात लीगमध्ये 11 गोल. पण अव्वल डिव्हिजनमध्ये त्याने सातत्याने गोल केले ते याच अर्ध्या मोसमात. त्याला 3 कोटी? ग्राहकाची लाइन सुरू झाली, ते आभार मानून पळाले, आणि माझ्या डोक्यात भुंगा सुरू झाला.

टोरेसबद्दल माझं मत त्या रात्रीही स्पष्ट होतं आणि आजही तेच आहे. तो जातोय याचं वाईट वाटणं वेगळं आणि त्याला विकणं चूक वाटणं वेगळं. 2007 ला आला तेव्हा बचावपटूच्या खांद्यामागून निघायचा आणि दोन पावलांत मोकळा व्हायचा. लिव्हरपूलसाठी 142 सामन्यांत 81 गोल, गंमत नाही. पण 2010 च्या एप्रिलमध्ये गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तिथून थेट वर्ल्ड कपला गेला, स्पेन जिंकलं, ह्याचा एकही गोल नाही. त्यानंतर ती दोन पावलं कमी पडायला लागली होती. टीव्हीवर सुद्धा दिसायचं. पूर्वी ज्या चेंडूवर तो गोलकीपरसमोर पोचलेला असायचा, त्या चेंडूवर आता बचावपटू त्याच्या बरोबरीने धावताना दिसायचा. अशा खेळाडूचे 5 कोटी पौंड कोणी देत असेल, तर चहा पाजून पाठवावा. पण हे डोक्याचं झालं. मेलवूडच्या, म्हणजे क्लबच्या सरावाच्या मैदानाच्या गेटबाहेर त्याचा शर्ट जाळणाऱ्या पोरांना हे कोण सांगणार?

आमची टीम लीडर मँचेस्टर युनायटेडवाली. तिला टूलवर सुपरवायझरचा ॲक्सेस होता, पण बातम्या तिच्याकडेही ब्लॉकच. तरी मागून फेरी मारताना खुर्चीवर टिचकी मारून गेली, “काय रे, गेला का तुमचा?” मी म्यूटवर होतो म्हणून बरं. क्यू इतका लाल होता की जेवणाची सुट्टी आधी बारावरून दोनवर आणि मग चारवर ढकलली. म्हणजे लॉकर, फोन, सगळं पहाटेपर्यंत बंद. बातम्यांसाठी मी पूर्णपणे ग्राहकांच्या हवाली!

मधल्या वेळात एक आजोबा आले, त्यांना फक्त ईमेलचा पासवर्ड हवा होता. फुटबॉलचं नाव काढलं तर म्हणाले आम्ही रग्बीवाले. पुढचा.

आणि मग गेट्सहेडहून एका बाईंचा कॉल आला.

गेट्सहेड म्हणजे न्यूकॅसलच्या समोरचा, टाइन नदीचा दक्षिण काठ. कॅरोल तिथलाच. त्यांचा उच्चार पहिल्या मिनिटाला मला अर्धाच कळत होता. राउटरचा इंटरनेटचा दिवा नारिंगी लुकलुकत होता, म्हणजे सिग्नल घरापर्यंत येतोय पण आत कुठेतरी मार खातोय. अशा वेळी एक ठरलेला उपाय असतो. तिकडच्या घरांत फोनची मुख्य पांढरी पेटी असते, तिचा खालचा अर्धा भाग दोन स्क्रूंनी लावलेला. ते स्क्रू काढले की आत आणखी एक सॉकेट निघतं, टेस्ट सॉकेट. राउटर थेट त्यात लावला की घरातली जुनी वायरिंग वगळली जाते. लाइन सुधारली तर दोष वायरिंगचा, नाही सुधारली तर आमचा.

“स्क्रूड्रायव्हर आहे का घरात?”

“आहे. पण तो नवऱ्याच्या पेटीत आहे आणि नवरा रेडिओला चिकटलाय.”

मागून नवऱ्याचा आवाज येतच होता. शेवटी बाईंनीच पेटी शोधली. फोन स्पीकरवर ठेवून त्या जमिनीवर बसल्या असाव्यात, कारण स्क्रूचा टणटण आवाज मला जवळून यायचा आणि रेडिओ लांबून. एक स्क्रू निघाला. दुसऱ्याचा माथा घासला गेलेला. मी म्हटलं, दाबून हळू फिरवा. तेवढ्यात मागून आरोळी आली, आकडा साडेतीन कोटींवर गेला, क्लब तयार झाला! बाईंनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवल्याचा आवाज आला. पुढची आरोळी हेलिकॉप्टरची. पोराला हेलिकॉप्टरने लिव्हरपूलला नेतायत म्हणे.

आम्हाला शिकवलेलं की ग्राहक भावनाविवश झाला की आधी ऐकून घ्या. मी ऐकलं. बाईंचा राग पोरावर नव्हता, क्लबच्या मालकावर होता. न्यूकॅसलचा 9 नंबरचा, म्हणजे मुख्य स्ट्रायकरचा, शर्ट म्हणजे काय ते त्यांनी मला सांगितलं, जॅकी मिलबर्नपासून ॲलन शिअररपर्यंत. शिअरर गेल्यानंतर इतक्या वर्षांनी पुन्हा एक इथलाच मुलगा तो घालत होता, आणि तोही निम्म्या मोसमात काढून घेतला. “आणि घड्याळ बघ,” त्या म्हणाल्या. “आता ते पैसे घेऊन आम्ही आणणार कोणाला?”

मला त्यांचा हा मुद्दा शंभर टक्के पटला, आणि फुटबॉलवर बोलताना तो फार कमी वेळा निघतो. सगळे आकड्याकडे बघतात, घड्याळाकडे कोणी बघत नाही. विंडोच्या शेवटच्या काही तासांत विकलेल्या खेळाडूचे पैसे उन्हाळ्यापर्यंत कुलपात. तोवर लीगचे जवळजवळ चार महिने आहे त्या पोरांवर काढायचे. लेखी अर्जाचंही तेच. खेळाडूने स्वतः अर्ज दिला की साधारणपणे करारातल्या राहिलेल्या लॉयल्टी बोनसवर पाणी सोडावं लागतं, आणि क्लबला म्हणायला मोकळीक मिळते की त्यालाच जायचं होतं. कॅरोलनेही त्या दिवशी अर्ज दिला. आपल्याला तो द्यायला लावला, असं तो नंतर उघड म्हणाला.

“तू कोणाचा?” बाईंनी अचानक विचारलं.

नियम असा की वैयक्तिक आवडीनिवडी बोलायच्या नाहीत. मी सांगितलं, लिव्हरपूल.

लाइनवर काही ऐकू येईना. मला वाटलं कॉल तुटला. मग बाई म्हणाल्या, “बरं. मग निदान हा दुसरा स्क्रू तरी काढून दे.”

निघाला. टेस्ट सॉकेटमध्ये राउटर लावला, माझ्या स्क्रीनवर लाइनचा वेग तिपटीने चढला. दोष घरातल्या वायरिंगचाच होता. नवऱ्याने कधीतरी स्वतः वरच्या खोलीत ओढलेली एक्स्टेन्शन, ती गंजली होती. हे मी सांगितल्यावर फोनच्या पलीकडे जे काही बोलणं झालं त्यात माझा सहभाग नव्हता. एवढं कळलं की त्या संध्याकाळी त्या घरात हेलिकॉप्टरपेक्षा जास्त शिव्या एक्स्टेन्शनला पडल्या.

पहाटे चारला लॉकर उघडला. जीपीआरएसवर पान अर्धवट उघडलं, पण पुरेसं होतं. टोरेस 5 कोटी, ब्रिटनमधला तोवरचा विक्रम. कॅरोल साडेतीन कोटी. आणि खाली एका ओळीत लुईस सुआरेझ, अयाक्सकडून, 2 कोटी 28 लाख. त्या रात्री एकाही ग्राहकाने सुआरेझचं नाव काढलं नव्हतं. नेदरलँड्समध्ये प्रतिस्पर्ध्याला चावल्याबद्दल तो तेव्हा सात सामन्यांची बंदी भोगत होता, एवढीच त्याची ख्याती. दोनच दिवसांनी स्टोकविरुद्ध बदली म्हणून उतरला आणि गोल केला. चावण्याचं पुढे जे झालं ते झालंच, पण त्या दिवसाचा खरा सौदा तोच.

कॅरोलच्या किमतीचं कोडं काही काळाने सुटलं. लिव्हरपूलचे मालक जॉन हेन्री यांनीच सांगितलं की त्यांच्या लेखी प्रश्न फक्त फरकाचा होता. टोरेसचे जितके मिळतील त्यातून कॅरोलचे वजा केल्यावर दीड कोटी उरले पाहिजेत. न्यूकॅसलने भाव वाढवला की तो तसाच चेल्सीच्या बिलात जायचा. म्हणजे कॅरोल साडेतीन कोटींचा कधीच नव्हता, तो ‘टोरेस वजा दीड’ होता. हे कळल्यावर माझा राग थोडा उतरला, पण थोडाच. फरक राखायचा होता तर तो धडधाकट खेळाडूवर राखायचा. कॅरोल मांडीची दुखापत घेऊन आला, मैदानावर उतरायला मार्च उजाडला. आणि 2013 मध्ये वेस्ट हॅमला गेला तो निम्म्याहून कमी किमतीत.

त्या रात्रीनंतरच्या शनिवारी न्यूकॅसल घरी आर्सेनलविरुद्ध मध्यंतराला 0-4 मागे होतं. कॅरोल नाही, त्याच्या जागी आणलेला नवा स्ट्रायकर नाही. सामना सुटला 4-4, शेवटचा गोल शेख तियोतेच्या डाव्या पायाच्या व्हॉलीचा. रविवारी टोरेस चेल्सीकडून पहिल्यांदा उतरला तो आमच्याच विरुद्ध, आणि मैरेलेशच्या गोलवर आम्ही 1-0 जिंकलो. चेल्सीसाठी पहिला गोल करायला टोरेसला 23 एप्रिल उजाडला, वेस्ट हॅमविरुद्ध, साचलेल्या पाण्यात चेंडू अडकला म्हणून. मार्चमध्ये युनायटेडला आम्ही 3-1 हरवलं त्या रात्री टीम लीडर फेरी मारायलाच आली नाही.

गेट्सहेडचा कॉल मात्र कॉल तपासणाऱ्या क्वालिटीवाल्यांच्या हाती लागला. महिन्याच्या कॅलिब्रेशनला, म्हणजे आम्ही आणि ज्यांच्यासाठी काम करतो ते तिकडचे क्लायंट मिळून कॉल ऐकतो त्या बैठकीत, तो पूर्ण वाजवला. आमच्या क्वालिटीने यादी काढली. वेळ दुप्पट, कामाबाहेरचं संभाषण, वैयक्तिक माहिती उघड केली. ग्राहकाने मात्र पाचपैकी पाच दिले होते. क्लायंटकडचा माणूस स्पीकरफोनवर होता, तासभर त्याने तोंड उघडलं नव्हतं. शेवटी टीम लीडरने त्याला विचारलं, तुमचं काय मत?

त्याने विचारलं, त्या बाई मालकाबद्दल बोलतात तो भाग पुन्हा लावता येईल का?

लावला. त्याने पुन्हा ऐकला, आणि खुशाल हसला. कुठला म्हणून विचारलं तर म्हणाला, संडरलंडचा. संडरलंड आणि न्यूकॅसल म्हणजे हाडवैर. माझे मार्क काही वाढले नाहीत.